शत्रूचा शत्रू मित्रच असतो का?

वाटसरू :
‘साम्राज्यवादाशी झुंजणाऱ्या राजवटींच्या दडपशाहीवर बोट ठेवणे म्हणजे साम्राज्याचेच काम सोपे करणे,’ हे आपले कालचे विधान मला अस्वस्थ करून गेले, म्हणून सविस्तर लिहितो. एप्रिल २००८ मध्ये डर्बनच्या गोदी कामगारांनी ‘आन युए जियांग’ या चिनी जहाजावरची, झिम्बाब्वेच्या सरकारसाठी आलेली शस्त्रे उतरवण्यास नकार दिला. ती तिथल्या सामान्य माणसांवरच रोखली जातील, अशी त्यांना धास्ती होती. झिम्बाब्वेचे तेव्हाचे अध्यक्ष मुगाबे एके काळी वसाहतवादाविरुद्ध लढले होते, हे त्या कामगारांना ठाऊक नव्हते असे आपल्याला वाटते काय?

जुना सभासद :
उदाहरण अर्धेच दिलेत. डर्बनच्या न्यायालयानेही ती वाहतूक रोखली होती. शिवाय पाश्चात्त्य सरकारे तेव्हा मुगाबेंच्या मागे लागलेलीच होती. अशा वेळी आपला नकार कोणाच्या पारड्यात पडतो, हे पाहायला नको का? आणि पैशाचा विषय कोणीच का काढत नाही? मी अकरा वर्षे ज्या संघटनेत राबलो, तिला परदेशी निधी मिळू लागला आणि दोन वर्षांत सभासदांकडून वर्गणी घेणेच बंद पडले. घरोघरी फिरणारे कार्यकर्ते अहवाल लिहीत बसले. निधी आटला तेव्हा कोणाचे दार ठोठावायचे, हेच आम्ही विसरलो होतो.

सहप्रवासी :
तुमचे दुःख खरे आहे, पण निधी म्हणजे एकजूट नव्हे. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडच्या कामगारांनी चिलीचे लष्करी हुकूमशहा पिनोशे यांच्या हवाई दलाच्या विमानांची इंजिने दुरुस्त करण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना कोणी अनुदान दिले होते? जुलै १९८४ मध्ये डब्लिनच्या दुकानात एका तरुण मुलीने दक्षिण आफ्रिकेची फळे विकण्यास नकार दिला, तिला निलंबित केले आणि सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले. त्यांना सुरुवातीला वर्णभेदाविषयी फारशी माहितीही नव्हती. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले निम्रॉड सेजाके त्यांच्या शेजारी रस्त्यावर उभे राहून ती त्यांना देत. संप जवळजवळ तीन वर्षे चालला आणि १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या फळांची आणि भाज्यांची आयात बंद केली.

जुना सभासद :
इंजिने १९७८ मध्ये तिथून हलवली गेलीच आणि पिनोशे १९९० पर्यंत सत्तेवर राहिले, हे का गाळता? बाहेरून कोणी पाठीवर हात ठेवला की तिथल्या माणसावर ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारणे सरकारला सोपे जाते. रशियाने २०१२ मध्ये तसा कायदाच केला. घोषणा तुम्ही देता, तुरुंगात ते जातात!

वाटसरू :
म्हणूनच आधी त्यांना विचारायचे. दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराची हाक तिथल्याच वर्णभेदविरोधी चळवळीचे नेते आल्बर्ट लुथुली यांनी स्वतः दिली होती, आणि त्याची झळ आपल्याच लोकांना बसेल हे त्यांना पुरते ठाऊक होते. धोका पत्करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांच्या वतीने गप्प बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जुना सभासद :
हाक आतून आली असेल तर बाहेरच्यांनी ती पाळावी, एवढे मान्य करतो. मुगाबेंविषयी मी तेव्हाच बोलायला हवे होते, हेही मान्य. निधीविषयी मात्र माझे मत तसूभरही बदललेले नाही.