मदत हवी आहे: जिवाणूला मारताना पांढरी पेशी स्वतः कशी वाचते?

मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी पांढऱ्या पेशींवर वाचतोय आणि एका जागी गाडी अडलीय. जाणकारांनी जरा हात द्यावा.

न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जिवाणूचा माग काढते आणि त्याला गिळते, इथवर कळलं. (१९५०च्या दशकात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपलेली फिल्म पाहिली नसेल तर जरूर पाहा. तांबड्या पेशींना ढुशा देत ती जिवाणूच्या अशी मागे लागते, की मुलगी ओरडलीच, "बाबा, पकडलं!") गिळलेला जिवाणू फॅगोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो. मग ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल बनतं.

घोडं इथेच पेंड खातंय. हायपोक्लोरस आम्ल म्हणजे ब्लीचमध्ये जंतू मारतं तेच ना? मग पोटात ब्लीच तयार करून ही पेशी तगते कशी? पुस्तकात 'एन्झाइम जिवाणूंना नष्ट करतात' एवढ्यावर बोळवण केलीय.

आणि जाता जाता, पू हिरवट का दिसतो?

प्रतिसाद:
विष आधीपासून भरून ठेवलेलं नसतं, ही खरी गोम. सुपरऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचे भाग पेशीत सुटे असतात. जिवाणू गिळला की ते पिशवीच्या पडद्यावर जुळतात आणि माल आतल्या बाजूलाच सोडतात. हायपोक्लोरस आम्ल तर इतकं तापट, की समोर येईल त्याला भिडून तिथेच संपतं. पेरॉक्साइड थोडं बाहेर झिरपतं, ते निस्तरायला पेशीत कॅटलेज हे एन्झाइम आणि ग्लुटाथायोन हा छोटा रेणू असतात.

शिवाय डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं जिवाणूच्या पटलाला भोकं पाडतात, लायसोझाइम हे एन्झाइम त्याची भिंत तोडतं. तरी ऑक्सिजनचा मारा नसेल तर अडतंच. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आजारात सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइमच नीट चालत नाही; त्यात पेशी जिवाणू गिळतात, पण काही जिवाणू आत जिवंतच राहतात.

आम्ल बनवणारं मायलोपेरॉक्सिडेज मुळात हिरव्या रंगाचं. पुवात मेलेल्या न्यूट्रोफिलांचा खच असतो, त्यातून तो रंग येतो.

धागाकर्ता:
म्हणजे शेवटी पेशीही मरतेच, 'तगते' हा माझा शब्दच चुकला! आभार. क्षयाचा जिवाणू गिळूनही मरत नाही म्हणतात, तो काय करतो?

प्रतिसाद:
त्याला मुख्यतः मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी गिळतात. तो फॅगोसोमला लायसोसोमशी (पचवणाऱ्या एन्झाइमांच्या पिशवीशी) जुळूच देत नाही, आणि त्याच पिशवीत बिऱ्हाड थाटतो.