मदत हवी आहे: समुपदेशनाचा उपयोग होतो आहे की नाही, हे कसे ओळखावे?

मी पुण्यात धायरीत राहतो, वय ५४. आठ महिन्यांपूर्वी साताऱ्याहून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर, नवले पुलाच्या थोडे अलीकडे, मागून आलेल्या ट्रकने आमच्या गाडीला धडक दिली. कोणालाही गंभीर इजा झाली नाही. परंतु तेव्हापासून त्या उतारावर गाडी घालायची म्हटले की छाती धडधडू लागते आणि स्टिअरिंगवरचे हात घामाने ओले होतात. त्यामुळे येता-जाता मी जुन्या कात्रज घाटाचा वळसा घेतो.

मनोविकारतज्ज्ञांनी औषध न देता क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (बोलण्यातून आणि सरावातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे) पाठवले. त्या बाईंचे म्हणणे असे की, वळसा घेतल्यावर जे हायसे वाटते तेच भीतीला खतपाणी घालते, कारण त्या उतारावरून सुखरूप जाता येते हे अनुभवण्याची संधीच मनाला मिळत नाही. म्हणून त्यांनी पायऱ्या आखून दिल्या आहेत: सोसायटीत उभ्या गाडीत बसणे, पहाटे सिंहगड रस्त्यावर चक्कर मारणे, सेवा रस्त्याने नवले पुलापर्यंत जाणे आणि शेवटी बोगद्यातून उतरणे. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १०० पैकी गुण द्यायचे. सहा भेटी झाल्या; उभ्या गाडीचे गुण ७० वरून २० वर आले, पुलाचे मात्र अजून ६५ आहेत, आणि सरावाच्या आदल्या रात्री झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते.

वाचनाची खोड असल्याने थोडा शोध घेतला. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५२ साली असा दावा केला होता की, चिंता-भीतीसारख्या त्रासांचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचारांवाचूनही दोन वर्षांत सुधारतात. (आमचे मेहुणे आयसेंक न वाचताच हेच सांगतात, आणि वर ‘गप्पांना कसले पैसे?’ असेही विचारतात.) उलट स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी १९७७ साली सुमारे ३७५ अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढला की, उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. पण या सरासरीवरून माझे काय चालले आहे, हे मला कळत नाही.

मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या १९५८ च्या भीतीवरील उपचारपद्धतीत आधी शरीर शिथिल करून मग भीतीचा प्रसंग मनात आणला जाई. मला मात्र शिथिलीकरण न शिकवता थेट गाडीत बसवले आणि भीती ओसरेपर्यंत उतरायचे नाही असे बजावले. ज्यांनी असे उपचार घेतले आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे: ही रीत आता रूढ आहे का? मधल्या टप्प्यात त्रास वाढणे स्वाभाविक आहे, की तो पायरी फार उंच असल्याचा इशारा समजावा? आणि हा सराव जर मीच करायचा असेल, तर बाईंशी होणाऱ्या बोलण्याचा वाटा नेमका किती? शनिवारच्या भेटीत बोगद्याचा दिवस ठरायचा आहे.