बी-७०२ मधल्या अजगराची पेटी

साठे काका (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. बी-७०२ मध्ये साप आणलाय का, असं विचारणारे फोन कालपासून येत आहेत. नेहा, तूच इथे सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिही, म्हणजे ऐकीव गोष्टी थांबतील.

नेहा (बी-७०२): हो काका, मीच आधी सांगायला हवं होतं असं आई पण म्हणाली. बॉल पायथन जातीची मादी आहे, साधारण तीन फूट. पूर्ण बिनविषारी. ऑफिसमधली मैत्रीण कायमची परदेशी जातेय, तिच्याकडून ती मी सांभाळायला घेतली. परिवेश या केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या पोर्टलवर मैत्रिणीच्या नावाने नोंदणी होती, आता माझ्या नावावर करण्याचा अर्ज भरलाय. सध्या ती क्लिपच्या झाकणाच्या मोठ्या टबात आहे, खोलीला कुलूप असतं. कायमची पेटी करायचीय आणि त्याबद्दलच ज्यांना माहिती आहे त्यांची मदत हवीय.

जोशी काकू (बी-६०२): नेहा, तुझ्यावर राग नाही गं. पण आमचा नातू रांगतो. तुमच्या आमच्या बाथरूमचा डक्ट एकच. ती टबातून निसटून खाली आली तर मी काय करू? मला रात्री झोप नाही लागली.

रोहन (सी-४०४): माझ्याकडे चार फुटी फिश टँक पडून आहे, जाळीच्या झाकणासकट. हवा तर घेऊन जा. वर दोन-चार जाडजूड पुस्तकं ठेवली की झालं.

वर्षाताई (ए-१०३): रोहन, टँक नको. मी सर्पमित्र म्हणून काम करते म्हणून सांगते, नुसतं वर ठेवलेलं झाकण हा साप निसटण्याचा सर्वांत सोपा रस्ता. साप म्हणजे सगळा स्नायू. रात्रभर नाकाने कोपरा ढकलत बसतो आणि पुस्तकं सरकतात. शिवाय जाळीतून सगळी ऊब आणि ओल वर निघून जाते. जाळीवर नाक घासून घासून तोंडाला जखमा होतात त्या वेगळ्याच.

काकू, तुमची भीती रास्त आहे, आणि ती नेहाने मनावर घ्यावी. फक्त एक लक्षात घ्या. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाबरली की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखं वेटोळं करते, नावही त्यावरूनच पडलंय. तिला स्वतःलाच दडून बसायचं असतं. पेटी घट्ट, उबदार आणि लपायला जागा असलेली असेल तर तिची बाहेर पडायची धडपडही कमी होते. तुम्हाला जे हवंय आणि तिला जे हवंय ते एकाच पेटीत जमतं, म्हणून पेटीवर कंजुषी करू नका.

नेहा (बी-७०२): ताई, किती मोठी करू? मैत्रीण म्हणते लहान टबातही लोक वर्षानुवर्षं ठेवतात.

वर्षाताई (ए-१०३): ठेवतात. मला ते पटत नाही. ज्या जनावराला पूर्ण सरळ होऊन अंग ताणताही येत नाही ते नीट जगतंय असं मी म्हणणार नाही. पूर्ण वाढ झालेली मादी चार-साडेचार फुटांपर्यंत जाते. लांबी ४ फूट, खोली २ फूट, उंची २ फूट, याखाली येऊ नकोस. हे प्राणी नीट सांभाळले तर २०-३० वर्षं जगतात. तुझं लग्न, नोकरी, घर बदलणं, सगळ्यात ती सोबत असणार आहे, तेव्हा पेटीही टिकाऊ कर.

काचेपेक्षा प्लायची कर. १८ मिमीचा मरीन प्लाय, आतून सनमायका, सगळे सांधे सिलिकॉनने बंद. समोर ५ मिमी टफन्ड काचेची दोन सरकती दारं आणि दुकानातल्या शोकेसला असतं तसं किल्लीचं कुलूप. इथे एक बारीक गोष्ट सुतार हमखास विसरतो. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे फट राहते. आपल्याला ती क्षुल्लक वाटते, पण सापाचं डोकं जिथून गेलं तिथून बाकीचं अंग जातं. त्या फटीत पारदर्शक पट्टी बसवून घे. वायरीचं भोक वायरीइतकंच, वर रबरी बूच. हवेसाठी मोठी जाळी न लावता कपाटांना लावतात तशा छोट्या गोल जाळ्या, गरम बाजूला वर आणि थंड बाजूला खाली.

पेटी तयार झाल्या झाल्या तिला आत सोडू नकोस. फेविकॉल, सिलिकॉन, पॉलिश यांचा वास पूर्ण जाऊ दे. हीटर लावून रिकामी पेटी निदान आठवडाभर चालव आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेव. टब कुलपात आहे तोवर घाई कसली?

इनामदार सर (सी-२०१): विजेच्या बाबतीत मी थोडं बोलतो, आयुष्य त्यातच गेलं. हीटर कोणता लावणार आहेस बेटा?

नेहा (बी-७०२): सर, टबाखाली हीट मॅट आहे, तीच वापरायचा विचार होता.

इनामदार सर (सी-२०१): मग विचार बदल. १८ मिमी प्लायमधून मॅटची उष्णता वर पोहोचणार नाही, ती खालीच कोंडेल आणि लाकूड तापत राहील. लाकडी पेटीला वरून उष्णता दे. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो घे. होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. हीटरभोवती जाळीचा पिंजरा लाव, नाहीतर ती त्याला विळखा घालेल आणि भाजेल. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, हीटर एक मिनिटही चालू करायचा नाही.

थर्मोस्टॅटचा सेन्सर नुसता लोंबकळत ठेवू नकोस, पक्का बसव. तो सरकून थंड कोपऱ्यात गेला तर थर्मोस्टॅटला वाटेल पेटी गार आहे आणि हीटर बंदच होणार नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल थर्मामीटर हवेत. कोविडमध्ये सगळ्यांनी घेतलेली कपाळावर धरायची गन या कामाची नाही. ती अंगाच्या तापासाठी असते, पृष्ठभाग मोजणारी वेगळी येते. अर्थिंग मी स्वतः येऊन तपासतो, आणि त्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, आहे ना तेही बघतो.

वर्षाताई (ए-१०३): सर, फार बरं झालं तुम्ही लिहिलंत. आकडे मी देते. गरम टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७. दोन्ही टोकं लागतात, कारण साप स्वतःचं तापमान जागा बदलूनच सांभाळतो. एकच तापमान असलेली पेटी म्हणजे त्याच्याकडून तो पर्यायच काढून घेणं. म्हणूनच लपायच्या जागाही दोन आणि सारख्याच हव्यात. एकच असेल तर तिला ऊब हवी की आडोसा यातून निवडावं लागतं, आणि ती आडोसा निवडून गारठत बसते. कुंभारवाड्यातून दोन पसरट मडकी आण, तोंडाची कड घासून गुळगुळीत कर आणि पालथी घाल. अंग सगळीकडून टेकेल इतकीच मोठी हवीत.

नेहा (बी-७०२): आणि आपला उन्हाळा? आमचा वरचा मजला, एप्रिलमध्ये स्लॅब इतका तापतो की दुपारी खोलीत बसवत नाही.

वर्षाताई (ए-१०३): हाच प्रश्न विचारायला हवा होता. बाहेरच्या देशांतली सगळी माहिती ऊब कशी द्यायची याची असते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा ती उपयोगी आहे. पण वरच्या मजल्यावर मला खरी काळजी एप्रिल-मेची वाटते. खोलीच ३७ ला गेली तर हीटर बंद असूनही पेटी तापणार, आणि ३५ च्या वर फार वेळ राहणं तिच्या जिवावर बेतू शकतं. पेटी पश्चिमेच्या भिंतीला नको, खिडकीच्या उन्हात नको, कपाटावर तर नकोच. खोलीतली सर्वांत गार भिंत शोध आणि जमिनीलगत ठेव. दुपारी त्या खोलीत कूलर लाव, त्याची ओल तिला चालते.

ओलीचंही असंच. तिला साधारण ६० टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत ७०. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची हवा ठणठणीत कोरडी होते, मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर आणि शेपटीच्या टोकाला अडकून राहते. तेव्हा खाली नारळाच्या सोडणाचा जाड भुगा घालून ओलसर ठेव आणि अंग बुडेल एवढं पसरट पाण्याचं भांडं ठेव. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, भुग्यावर पाणी फवारणं बंद, नाहीतर भुग्याला बुरशी येते आणि पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. लाकडाचा भुसा नको. फर्निचरवाल्याकडचा बहुतेक पाइनचा असतो, त्याचं तेल सापांना बाधतं.

इनामदार सर (सी-२०१): गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा? आपला जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो.

नेहा (बी-७०२): घरी इन्व्हर्टर आहे सर.

इनामदार सर (सी-२०१): मग पेटीची लाइन त्यावर घे, १०० वॉट काहीच नाही.

जोशी काकू (बी-६०२): ती खाते काय? जिवंत उंदीर आणणार असशील तर मी आत्ताच सांगते, मला चालणार नाही.

नेहा (बी-७०२): नाही काकू. मारून गोठवलेले उंदीर मिळतात, ते कोमट करून चिमट्याने द्यायचे. वेगळा छोटा फ्रीजर घेतलाय. आठ-दहा दिवसांतून एकदा खाते.

वर्षाताई (ए-१०३): जिवंत उंदीर सापालाच चावतो, त्यामुळे तो तिच्याही हिताचा नाही. आणि पार्किंगमध्ये पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर चुकूनही देऊ नये, त्याने विष खाल्लेलं असू शकतं. नेहा, नव्या जागी पहिले सात दिवस खायला देऊ नकोस आणि हातातही घेऊ नकोस. पुढेही ती काही वेळा नाकारेल. ही जात त्यासाठी प्रसिद्ध आहे, हिवाळ्यात जास्तच. वजन लिहून ठेव. वजन टिकून आहे तोवर धीर धर, उतरायला लागलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे ने. आपला नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर पुरणार नाही. आणि हात लावल्यावर दरवेळी साबणाने धू. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. काकूंच्या नातवाएवढ्या मुलांनी हात लावूच नये.

साठे काका, तुमच्याकडूनही मदत हवी. सोसायटीची पेस्ट कंट्रोल आणि महापालिकेची धूरफवारणी कधी आहे ते नेहाला आदल्या दिवशी कळवा. नेहा, डांबरगोळ्या, मच्छर अगरबत्ती आणि धूप त्या खोलीत नको.

साठे काका (सेक्रेटरी): नक्की कळवतो. पण वर्षाताई, स्पष्ट विचारतो. साप पाळणं कायद्यात बसतं का? उद्या वनखात्याचे लोक आले तर?

वर्षाताई (ए-१०३): काका, आपला कोणताही देशी साप पाळता येत नाही. धामण असो, दिवड असो की अगदी निरुपद्रवी गवत्या, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सगळ्यांना लागू आहे. बॉल पायथन परदेशी आहे, पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येते. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनी परिवेशवर नोंदणी बंधनकारक झाली. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत कळवायचं. नेहाने अर्ज भरलाय, त्याची प्रत ऑफिसच्या फाइलला लावून घ्या.

माझं मत विचाराल तर शोभेसाठी असे प्राणी विकत घेण्याच्या मी विरोधात आहे. पण ही आधीच इथे आहे. परत आफ्रिकेत जाऊ शकत नाही आणि सिंहगडाच्या पायथ्याशी सोडणं हा गुन्हाही आहे आणि क्रौर्यही. कुणीतरी नीट सांभाळायलाच हवी, आणि नेहा पेटी बांधायच्या आधी विचारतेय याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपया प्रत्येकाने वाचा आणि घरी मुलांना सांगा. उद्या बागेत किंवा पार्किंगमध्ये साप दिसला तर "तो नेहाताईचा असेल" असं समजून कोणीही जवळ जाऊ नका. आपल्या मागच्या टेकडीवर घोणस आहे. जाडजूड, तपकिरी, अंगावर डाग, वेटोळं घालून बसणारी. नवख्या माणसाला दोघींत फरक कळणार नाही, आणि घोणस चावली तर जीव जाऊ शकतो. घोणसच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते, पण हे बघायलाही जवळ जायचं नाही. दिसलेला प्रत्येक साप रानटी आणि विषारी धरायचा, लांबून नजर ठेवायची आणि मला किंवा वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. मारायचा तर मुळीच नाही. नेहा, तुझ्या सापाचे वरून आणि बाजूने काढलेले फोटो मला दे. मी वॉचमनच्या केबिनमध्ये लावते, म्हणजे कधी निसटलीच तर कोणी तिला रानातली समजून डोंगरात सोडणार नाही.

जोशी काकू (बी-६०२): हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोटो मलाही पाठव. आणि डक्टच्या बाजूची तुझ्या बाथरूमची जाळी बदलून घे गं, गंजलीय ती. खालून दिसते.

नेहा (बी-७०२): आजच सांगते काकू. त्या खोलीच्या दाराखालीही पट्टी बसवते. पेटी झाली की तुम्ही स्वतः येऊन कुलूप ओढून बघा, तुमचं समाधान झाल्याशिवाय मी तिला टबातून हलवणार नाही.

रोहन (सी-४०४): आमचा आर्यन मागे लागलाय, बघायला कधी यायचं?

वर्षाताई (ए-१०३): महिनाभर नको, तिला स्थिरावू दे. तोवर त्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा, आपले देशी साप तिथे नीट पाहता येतात. बुधवारी बंद असतं.

साठे काका (सेक्रेटरी): ठरलं तर. नेहाने अर्जाची प्रत, फोटो आणि ती घरी नसताना चावी कोणाकडे असेल त्यांचं नाव ऑफिसात द्यावं. पेटी झाल्यावर इनामदार सर वायरिंग बघतील आणि जोशी काकू कुलूप बघतील. कमिटीची हरकत नाही.

नेहा (बी-७०२): सगळ्यांचे मनापासून आभार. चावी वर्षाताईंकडे ठेवते, ताई चालेल ना? सुतार उद्या सकाळी दहाला येतोय. प्लायचे आठ फुटी तक्ते लिफ्टमध्ये मावणार नाहीत, जिन्याने न्यावे लागतील, तेव्हा बी विंगला अर्धा तास अडचण होईल.

वर्षाताई (ए-१०३): चालेल. तक्ते खालीच पार्किंगमध्ये मापाने कापून घे, वर न्यायला सोपे पडतील आणि भुसाही तुझ्या घरात उडणार नाही. मी दहाला खाली येते, काचेच्या फटीचं मी सुतारालाच समजावते.