पंधराव्या वर्षी तुमच्या घरातलं गाणं कसं होतं?

धागाकर्ती, पुणे

किशोरवयीन वाचकांसाठी मी एक कादंबरी लिहितेय. नायिका पंधरा वर्षांची. आजोबा भजनी मंडळातले, वडील तबला शिकवतात, आई बँकेत. गाणं घरभर आहे आणि ते आपल्याला हवंय की नको हे तिचं ठरत नाहीये.

गाण्यातल्या मुलांची गोष्ट म्हटली की आपल्याकडे थोरांची चरित्रं पुढे येतात. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही गोष्ट ऐकत मी वाढले आणि अजूनही ती वाचताना अंगावर काटा येतो. पण तिथे गाणं घराबाहेर आहे, घर मागे टाकावं लागतं. ज्यांचं गाणं घरातच होतं, जेवताना, अभ्यासाच्या वेळी, भांडणातसुद्धा, त्यांचं त्या वयात काय झालं? पुढे कोण किती मोठं झालं ते नको. घरात कोण काय म्हणायचं, तुम्हाला काय वाटायचं, एवढंच लिहा. बारीकसारीक तपशील तर हवेच आहेत.

ठाण्याहून

बाबा ग्वाल्हेरचे. तिथल्या मराठी वाड्यात वाढलेले आणि माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे भातखंडे पद्धतीत. आम्ही ठाण्याला आल्यावर मला ज्या बाईंकडे घातलं तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आणि गाणं लिहून ठेवायची पलुस्कर लिपी. मध्यमा परीक्षेच्या वर्षी बाबांनी माझी वही उघडली आणि बंदिश वाचून गायला लागले. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचे स्वर. पलुस्करांत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचे स्वर, आणि तारसाठी उभी रेघ. त्यामुळे जिथे खाली उतरायचं तिथे बाबा वर चढले. मी थांबवलं तर म्हणाले, "लिहिलंय तसंच गातोय."

त्यावरून चांगलीच वादावादी झाली. बाईंनी चुकीचं शिकवलं असं ते म्हणाले, आणि माझ्या बाईंना कोणी चुकीचं म्हणावं हे मला सहन होईना. शेवटी आईने दोन्ही वह्या शेजारी ठेवून आम्हाला समोरासमोर बसवलं. नंतर बाबांनी आपल्या जुन्या बंदिशी माझ्यासाठी पलुस्कर लिपीत उतरवायला घेतल्या. रोज ऑफिसातून आल्यावर एक. कादंबरीत हे आलं तर मला फार आवडेल, कारण बाप-लेकीचं भांडण म्हणजे नेहमी 'गाणं करू दे' किंवा 'गाणं नको' एवढंच दाखवतात. आमच्याकडे गाण्यावर दोघांचंही प्रेम होतं, म्हणूनच भांडण होतं.

मिरजेहून

आमच्या घरी कुणी गात नाही. आम्ही तंतुवाद्यं बनवतो. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, माळ्यावर वाळत पडलेले असतात. लहानपणी त्यांच्यामध्येच लपाछपी खेळायचो.

माझं सांगायचं ते जवारीबद्दल. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीने घासायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायची. घोडीचा पृष्ठभाग किंचित उताराचा असतो. तार तिथे नेमकी कशी टेकते त्यावर आवाजाचा गुंजारव ठरतो. वर जीव म्हणून सुती दोरा सरकवतात, पण घोडीच नीट घासली नसेल तर दोरा काय करणार? कुणाला खुली जवारी लागते, कुणाला गोल. अब्बा बाहेर काम करायचे, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे, आणि तिथूनच मला कळायचं की दुसरी तार बसली नाहीये. एकदा बोलून गेले. अब्बांनी कानस खाली ठेवली आणि भावाला विचारलं, "तुला ऐकू आलं?" त्याला आलं नव्हतं. त्याला मोटारींचं वेड, आणि तो ते लपवायचाही नाही.

त्या दिवसापासून मला बोलावणं यायला लागलं. आधी फक्त ऐकायला. हातात कानस बऱ्याच उशिरा आली, कारण एकदा जास्त घासलं गेलं की घोडी वाया. भावाच्या जागी मी बसले म्हणून घरात थोडी कुजबुज झाली, ती भावानेच मिटवली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याचा फोन सगळ्यांत आधी आला. आता मोबाइलवरच्या तंबोऱ्यामुळे शिकाऊ मुलं वाद्य घेत नाहीत, हे दुखतं. समोर चार तारा छेडल्या की खोली कशी भरते, हे त्या मुलांना कोण सांगणार?

नाशिकहून

मुलगा नायक असता तर आवाज फुटण्याबद्दल लिहाच, असं सांगितलं असतं. नायिकेला भाऊ असेल तर त्याच्यासाठी घ्या.

मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीत गायचो. नाट्यगीतांच्या स्पर्धा, गणपतीतले कार्यक्रम, सगळीकडे आजी बरोबर. आठवीच्या सुमाराला आवाज मध्येच फाटायला लागला. वरचा सा लावायला जावं तर दोन आवाज निघायचे. घरात सगळे म्हणाले, आइस्क्रीम बंद करा, ज्येष्ठमध द्या. सरांनी एकट्याला बसवून नीट समजावलं, की स्वरतंतू लांब आणि जाड होतायत, काही महिने जातील, कदाचित जास्तच. तोवर वरच्या पट्टीचा हट्ट नको. सकाळी खर्ज, म्हणजे खालचे स्वर लाव, पेटीवर बोटं फिरव, भरपूर ऐक. आवाज बसला तो काळी एकला.

या मधल्या काळात मला वाटायचं की घरात माझी जागा गाण्यामुळेच आहे, आणि गाणं गेलं तर मी कोण? हे मी कुणालाही बोललो नव्हतो. आजीला कसं कळलं ठाऊक नाही. ती रोज दुपारी मला जवळ बसवून स्वतः गायला लागली, ओव्या, पाळणे, जे येईल ते. मला गायला सांगायची नाही.

फ्रीमॉंटहून

थोडक्यात लिहिते. मुलगा इथल्या शाळेच्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवतो, आजोबा साताऱ्यात तबला. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायला गेले की आवाज उशिरा पोचतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधीच एकत्र येत नाही. दोघंही वैतागायचे. आता आजोबा तीनतालाचा ठेका रेकॉर्ड करून पाठवतात, हा त्यावर वाजवून परत पाठवतो. आजोबांचा अभिप्राय बहुतेक वेळा एकच असतो: "लय वाढवतोयस."

कुडाळहून

बाबा भजनी बुवा. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन बुवा आमनेसामने. रूपावली, अभंग, गौळण, गजर, रात्रभर चालतं आणि माणसं हलत नाहीत. एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं, त्यासाठी पुराणं पाठ हवीत. बाबांचं वाचन त्यामुळेच प्रचंड. मी दहावीत असताना पेटीवर माझा हात त्यांच्या जोडीदारापेक्षा चांगला होता, हे बाबा घरात मान्य करायचे. पण बारीला मला नेत नव्हते. मुलगी रात्रभर बाहेर, लोक काय म्हणतील. मी आईकडे गेले. आई एवढंच म्हणाली, "तू पेटयेर बस, लोकांचा मी बगतंय," आणि पुढच्या बारीला स्वतः बरोबर येऊन पहिल्या रांगेत बसली. गजराला बाबांनी पट्टी अचानक बदलली. मुद्दाम, मला खात्री आहे. मी धरली. घरी परतताना त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या बारीची तारीख त्यांनी आधी मला विचारून घेतली.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कुडाळच्या ताई, नायिकेच्या आईला मी फारच गप्प बसवलं होतं, ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. ज्यांची आईच गुरू होती अशा कुणीतरी लिहा ना.

फोंड्याहून

माझी आई शिकवायची. वर्गात मी तिला बाई म्हणायचे, सगळ्या मुलींसारखं. इतरांना तीनदा सांगायची ते मला एकदाच. राग यायचा. पंधराव्या वर्षी एकदा स्वयंपाकघरात स्पष्ट म्हटलं की मला दुसऱ्या कुणाकडे शिकायचंय. वाटलं, आता रडेल. आईने गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं उदाहरण दिलं. आमच्याच गोव्याच्या, कुर्डीच्या. आपल्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, त्यांनी स्वतः घडवलं, पण अंजनीबाई मालपेकरांसारख्या वेगळ्या घराण्याच्या गुरूंकडेही किशोरीताई शिकल्याच. "मोगूबाईंच्या लेकीला चाललं, तर माझ्या लेकीला का नाही?" असं म्हणून तिने पुढच्याच आठवड्यात मला नव्या गुरुजींकडे नेलं.

एकच अट होती. तिथे शिकलेलं घरी आल्यावर तिला शिकवायचं. ती वही घेऊन माझ्यासमोर बसायची आणि मी तिला तीन-तीनदा सांगायचे.