वेबॉट्स सिम्युलेटरमध्ये ई-पक रोबो भिंतीपाशी वळतच नाही, कोड तर रन होतोय

प्रश्न:
पायथनमध्ये कंट्रोलर, म्हणजे रोबो चालवणारा प्रोग्राम, लिहिलाय. रोबो सरळ मस्त जातो, मोटर्सची पोझिशन इन्फिनिटी ठेवलीय (म्हणजे चाकं दिलेल्या वेगाने फिरत राहतात), अंतराचे सेन्सर एनेबल केलेत, रीडिंगपण येतायत. भिंत जवळ आली की दोन चाकं उलटसुलट फिरवायची, टाइम.स्लीप अर्धा सेकंद, मग परत सरळ, एवढंच लॉजिक. पण भिंतीजवळ गेला की अख्खं सिम्युलेशन अडखळत चालतं आणि रोबो न वळता सरळ जाऊन धडकतो. प्रिंट टाकून बघितलं, वळायचा भाग रन होतोय. मग चाकं का ऐकत नाहीत?

उत्तर १:
स्लीप काढ आधी. वेबॉट्समधला वेळ आणि तुझ्या घड्याळातला वेळ वेगळे आहेत. सिम्युलेशन पुढे सरकतं ते फक्त रोबोट.स्टेप कॉल केल्यावर, आणि मोटरला दिलेला वेगही तेव्हाच पोचतो. तू वळायचा वेग सेट करतोस, मग स्लीपमध्ये सगळं थांबून राहतं, मग लगेच सरळ जायचा वेग सेट करतोस आणि त्यानंतर स्टेप येते, म्हणजे वळायची कमांड रोबोपर्यंत गेलीच नाही, मधल्यामधे पुसली गेली. स्लीपच्या जागी स्टेपचाच लूप चालव. ई-पकच्या चाकाची त्रिज्या २०.५ मिमी, दोन चाकांत अंतर ५२ मिमी, त्यामुळे जागच्या जागी ९० अंश वळायला प्रत्येक चाक साधारण २ रेडियन फिरायला हवं. वेग सेकंदाला ३.१४ रेडियन ठेवलास आणि टाइमस्टेप, म्हणजे एका स्टेपमध्ये सरकणारा सिम्युलेशनचा वेळ, ३२ मिलिसेकंद असेल तर अंदाजे २० स्टेप.

उत्तर २:
वरचं निदान एकदम बरोबर आहे, पण स्टेप मोजून वळवू नकोस असं मला मनापासून वाटतं. चाक जरा घसरलं किंवा उद्या टाइमस्टेप बदललास की सगळा हिशोब गेला. टाइमस्टेप बदलला तरी चालावं म्हणून चाक किती फिरलं ते सांगणारे पोझिशन सेन्सर एनेबल कर, वळायच्या आधीचं रीडिंग धरून ठेव आणि २ रेडियनचा फरक पडला की थांबव. घसरण मात्र त्यातही कळत नाही, त्यासाठी समोरचे अंतराचे सेन्सर, पीएस० आणि पीएस७, बघत राहायचं, समोर मोकळं झालं की सरळ.

प्रश्नकर्ता:
वळला!! स्लीप काढल्या काढल्या. आता भिंत उजवीकडे ठेवून तिच्या कडेकडेने न्यायचाय, पण इफ-एल्सने नुसता नागमोडी जातो.

उत्तर २:
कारण इफ-एल्समध्ये चूक थोडी असो की जास्त, झटका तेवढाच बसतो. उजवीकडचा पीएस२ घे, त्याचं रीडिंग वजा तुला हवं ते रीडिंग, गुणिले एक छोटा आकडा. आलेलं उत्तर डाव्या चाकाच्या वेगातून वजा कर, उजव्यात मिळव. या सेन्सरचं रीडिंग भिंत जवळ आली की वाढतं आणि अगदी जवळ तर एकदम उसळतं, म्हणून गुणक बारीक ठेवूनच सुरुवात कर. आणि वेग ६.२८ च्या वर जाऊ देऊ नकोस, त्या मोटरची मर्यादाच तेवढी आहे.