पेशंटला बिल दाखवू नका म्हणे!

हिशेबनीस
काल एक पोस्ट बरीच फिरली. सार असं: कॅन्सरच्या पेशंटला खर्चाचा आकडा कळू देऊ नका, बिलं वेगळ्या फाइलीत ठेवा, विचारलंच तर 'विम्यातून होतंय' म्हणा, त्याने फक्त बरं व्हायचं बघावं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

आकडा लपत नाही हो. विम्याच्या फॉर्मवर सही पेशंटची, मेसेज पेशंटच्या फोनवर, आणि डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीतला माणूस चार तास सलाईन लावून बसल्यावर दुसरं काय बोलणार? म्हणजे कळतं, पण अर्धवट. मग पेशंट आपल्या अकलेने काटकसर सुरू करतो, आणि घात तिथे होतो.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळ गाठतात. त्या दिवसांत ताप एकदाही ३८.३ सेल्सिअसला गेला किंवा ३८ वर तासभर टिकला, तर थेट हॉस्पिटल. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हायला हवं. पण 'ॲडमिशन म्हणजे खर्च' हे मनात बसलेला पेशंट काय करतो? आधी पॅरासिटामॉल घेतो, मग तासाने थर्मामीटर लावतो. ३७.४. 'काही नाही, कणकण आहे.' सकाळी बीपी खाली, आणि वॉर्डात भागलं असतं ते आयसीयूत जातं. हिशेब लपवलात की ताप लपवला जातो, एवढंच म्हणणं आहे.

आडवातिडवा
साफ असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. आकडा माहीत असलेलाच पेशंट कात्री लावतो.

मळमळीवरचं अप्रेपिटंट हे उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी १२५ मिग्रॅ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ८०-८०. पहिला दिवस बरा गेला की उरलेल्या दोन कॅप्सूल 'पुढच्या सायकलला (केमोच्या फेरीला) होतील' म्हणून डबीत. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची उशिराची मळमळ ४८ ते ७२ तासांनी शिगेला पोचते, नेमकी तेव्हा पोटात गोळी नाही. उलट्या, अंगातलं पाणी कमी, क्रिएटिनिन वर (म्हणजे किडनीवर ताण), पुढची सायकल लांबणीवर. कशामुळे? किंमत कळल्यामुळे! आधीच गळलेल्या माणसाच्या हातात कॅल्क्युलेटर देऊन तुम्ही कुठला पारदर्शकपणा साधणार?

हिशेबनीस
त्या दोन कॅप्सूल कशासाठी आहेत हे न सांगता नुसती किंमत कळली, म्हणून डबीत गेल्या. अर्धवट माहितीचंच उदाहरण दिलंत. धन्यवाद.

कावेरी
दोघांचं चालू द्या, मधल्या मध्ये एक. मळमळीवरची सगळीच औषधं महाग नसतात. ओलान्झापिन जुनं आणि स्वस्त. २०१६ साली आलेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या औषधांच्या जोडीला पहिले चार दिवस १० मिग्रॅ दिलं, आणि मळमळ नसलेल्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं. पुढे ५ आणि २.५ मिग्रॅच्याही चाचण्या झाल्या, कारण १० ने फार गुंगी येते. म्हणून रात्री घ्यायचं, आणि रात्री बाथरूमला जाताना सोबत कुणी तरी हवं. अडचण वेगळीच होते: पाकिटातल्या कागदावर 'स्किझोफ्रेनिया' वाचून घरचेच गोळी बंद करतात. 'डॉक्टरांनी वेड्यांचं औषध दिलं!' आणि घरात आधीपासून मेटोक्लोप्रमाइड असेल तर ते सोबत देऊ नका, मान-जबडा आखडण्याचा धोका वाढतो.

उंटावरचा_शहाणा
स्वस्ताच्या गोष्टी सांगू नका. जेनेरिकमध्ये २० टक्के कमी औषध चालतं, नियमातच लिहिलंय. ८० ते १२५ टक्के. डोकेदुखीच्या गोळीत चालेल, कॅन्सरमध्ये नाही. पेशंटपासून बिल नव्हे, ही गोष्ट लपवली जाते!

कावेरी
आला जेनेरिक. वाटच बघत होते.

८० ते १२५ हे गोळीतल्या औषधाचं प्रमाण नाही. मूळ औषध आणि जेनेरिक घेतल्यावर रक्तात जे पोचतं त्याच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतर पट्टा (खरा आकडा ज्या मर्यादेत असण्याची दाट शक्यता, ती मर्यादा) *संपूर्ण* त्या दोन आकड्यांच्या आत बसावा लागतो. सरासरी ८० ला असेल तर पट्ट्याचं एक टोक बाहेर जाणार आणि औषध नापास. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने १२ वर्षांतल्या २०७० अभ्यासांचा ताळा २००९ मध्ये मांडला, त्यात एयूसीतला (रक्तात एकूण किती औषध पोचलं, त्या मापातला) सरासरी फरक ३.५६ टक्के निघाला.

शिवाय बरीचशी केमो शिरेतून जाते. तिथे शोषणाचा प्रश्नच नाही. प्रश्न शुद्धतेचा आणि निर्जंतुकतेचा, आणि तो महागड्या व्हायललाही (औषधाच्या कुपीलाही) असतो. भीती वाटते तर प्रत्येक सायकलला नाव आणि बॅच नंबर फाइलीत लिहून ठेवा, काही झालं तर शोध लागतो.

उंटावरचा_शहाणा
आणि स्तनाच्या कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब? ते तर प्रोटीन. त्याचं जेनेरिक होऊच शकत नाही. बोला आता.

कावेरी
होत नाही, म्हणूनच त्याच्या जवळपास जुळणाऱ्या औषधाला बायोसिमिलर म्हणतात आणि मंजुरीची वाट वेगळी असते. तुम्ही माझंच वाक्य रागावून म्हणताय.

उंटावरचा_शहाणा
ठीक. रक्तातला पट्टा वगैरे मान्य, एकदाचं. पण मग अर्धी मात्रा चालते हेही पसरवाल. प्रोस्टेट कॅन्सरचं अबिराटेरॉन पाव मात्रेत जेवणाबरोबर घ्या म्हणून जे फिरतंय, ते तुमच्याच गटातून आलं ना?

हिशेबनीस
आमचा गट नाही, पण उत्तर देतो, कारण यात माणूस दगावेल. २०१८ ची चाचणी आहे, ७२ पेशंट. २५० मिग्रॅ कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर विरुद्ध १००० मिग्रॅ उपाशीपोटी. पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा रक्तातला निर्देशक) उतरण्यात कमी मात्रा मागे पडली नाही. पण मोजला तो पीएसए, आयुर्मान नव्हे. हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावं. घरच्या घरी करू नये, कारण उलटा गोंधळ जास्त होतो: 'जेवणाबरोबर चालतं' एवढंच लक्षात राहतं आणि १००० मिग्रॅच भरल्या पोटी घेतलं जातं. चरबीच्या जेवणासोबत रक्तातलं प्रमाण दहापटीपर्यंत चढतं. पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं.

आडवातिडवा
धागा पेशंटला बिल दाखवण्याचा होता. आपण औषधशास्त्राचा पेपर सोडवतोय.

कावेरी
पैसे वाचतात कुठे, ते न सांगता बिल दाखवून काय करणार? हे बघा: मात्रा ४१० मिग्रॅ आणि व्हायल १०० ची. पाचवी व्हायल १० मिग्रॅसाठी फुटते, बाकीची टाकून. मात्रा १० टक्क्यांच्या आत जवळच्या व्हायलला आणण्याची शिफारस होपा या ऑन्कॉलॉजी फार्मासिस्टांच्या संघटनेचीच आहे. इथे फरक अडीच टक्क्यांचाही नाही. पण विचारायचं आदल्या दिवशी. औषध कालवल्यावर विचारून उपयोग शून्य.

तसंच पेट स्कॅनचं. त्यासाठी टोचायच्या किरणोत्सारी साखरेचं, एफडीजीचं, अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्यात तिचा किरणोत्सार निम्मा होतो. तुम्ही उशिरा पोचलात तर तुमच्या नावचा डोस डबीतच मरतो. साखर २०० च्या वर असेल तरी बहुतेक ठिकाणी परत पाठवतात, म्हणून मधुमेह असेल तर इन्सुलिनचं वेळापत्रक आधीच ठरवून घ्या.

आडवातिडवा
हे पेशंटला नव्हे, सोबत्याला कळायला हवं. माझा मुद्दा शाबूत.

हिशेबनीस
सही कोण करणार? तिसऱ्या लाइनचं (आधीचे दोन उपचार लागू न पडल्यावरचं) औषध घ्यायचं की थांबायचं, हे ठरवताना पैसा हा त्याच्या निर्णयाचा भाग आहे. तुम्ही सोबत्याला मालक करताय.

आडवातिडवा
'मालक' शब्द मागे घ्या. रात्री दोनला ताप मोजणारा तोच असतो.

हिशेबनीस
घेतला. तापाचं मान्य: थर्मामीटर सोबत्याच्या हातात, आणि पॅरासिटामॉल त्याला विचारल्याशिवाय नाही. बिलाचं अमान्यच.

आडवातिडवा
बरं. पेशंटने स्वतः विचारलं तर खरं सांगायचं, इथवर येतो. न विचारता समोर आकडे मांडायचे नाहीत. आणि सांगाल तेव्हा केमोच्या दिवशी नको, केमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे त्या रात्री तसाही डोळा लागत नाही.

हिशेबनीस
हे मात्र पटलं. दुर्दैवाने.

उंटावरचा_शहाणा
बॅच नंबर व्हायलवर असतो की खोक्यावर?

कावेरी
दोन्हीवर. व्हायलवरचा लिहा, खोकी बदलतात.