उगमाकडच्या ओढ्यांत देशी माशांसाठी अडथळा बांधावा का?

डोहकाठ
नदी मोकळी वाहिली की मासे सावरतात, हे खालच्या पात्राबाबत बव्हंशी खरे आहे. उगमाकडे मात्र अनेकदा उलटेच दिसते. टास्मानियात १८६४ साली तपकिरी ट्राउट या युरोपातल्या शिकारी माशाची अंडी उबवली गेली. पुढे आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या नद्यांत ट्राउट पसरला आणि बोटभर लांबीचे, अंगावर खवले नसलेले डोंगरी गॅलॅक्सियस मासे बऱ्याच ठिकाणी केवळ धबधब्याच्या वरच्या अंगाला, ट्राउट चढू शकत नाही तिथेच, उरले. जिथे असा धबधबा नाही तिथे तो बांधावा, वरचा पट्टा परदेशी माशांपासून मोकळा करावा आणि मगच देशी मासे सोडावेत, असे माझे मत आहे. त्यासाठी अवाढव्य बांधकाम लागत नाही. उडी घेण्यासाठी ट्राउटला पायथ्याशी खोल पाणी लागते. म्हणून धारेखाली डोह होऊ न देता काँक्रीटचा उथळ ओटा करतात, की बेताची उंचीही पुरते.

वाळूचर
वाद बांधाच्या उंचीचा नसून त्याच्या वर कोंडल्या जाणाऱ्या माशांचा आहे. तोकड्या ओढ्यात अडकलेल्या थोड्या माशांचे पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच प्रजनन होते, आणि एखादा वणवा लागून त्यानंतरच्या पावसाने राख व गाळ पात्रात आला, तर शेजारच्या ओढ्यातून पोहत येऊन ती जागा भरून काढणारे कोणी उरत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतील गिला ट्राउटच्या (हा तिथला देशी ट्राउट) कित्येक वस्त्या २०१२ च्या व्हाइटवॉटर-बाल्डी वणव्यानंतर अशाच नष्ट झाल्या. शिवाय पट्टा मोकळा करायचा म्हणजे बहुधा रोटेनोन हे मासे मारणारे विष ओतायचे. ते परका मासा आणि देशी मासा असा भेद करत नाही, आणि पाण्यातले कीटकही त्यात मरतात.

डोहकाठ
वणव्याचा धोका मान्य आहे. म्हणूनच एकाच ओढ्यावर भिस्त न ठेवता अनेक ओढ्यांत वस्त्या करून अधूनमधून काही मासे इकडून तिकडे न्यावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००९ च्या वणव्यांनंतर पट्टेरी गॅलॅक्सियस ओढ्यांतून काढून टाक्यांत जगवले आणि नंतर परत सोडले. रोटेनोनचा परिणाम ठरलेल्या जागेच्या खाली जाऊ नये म्हणून तिथे पोटॅशियम परमँगनेट सोडून ते निष्प्रभ करता येते, आणि उडणारे कीटक आजूबाजूच्या ओढ्यांतून पुन्हा येतात. आपसांतील प्रजननाचे दुष्परिणाम दिसायला पिढ्या जातात. ट्राउट तेवढी सवलत देत नाही.

घळईकर
तुम्ही दोघेही देशी मासा कोणता हे ठरलेलेच आहे असे धरून चालला आहात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हरितपृष्ठ कटथ्रोट हा तिथला देशी ट्राउट वाचवण्यासाठी अनेक दशके मासे सोडले गेले. जुन्या संग्रहांतील नमुन्यांशी जनुकीय तुलना करणारा अभ्यास २०१२ साली आला तेव्हा कळले की खरा वंश जंगली अवस्थेत केवळ बेअर क्रीक या ओढ्यात उरला होता, आणि तोही त्याच्या मूळ खोऱ्याबाहेर! कावेरीत सोडलेला निळ्या परांचा महसीर भारतीयच, पण त्या नदीचा नव्हे. तिथला कुबड असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. तेव्हा बांधाचा आराखडा काढण्याआधी माशांची जनुकीय तपासणी करून घ्यावी. हे काम बांधापेक्षा स्वस्तही पडते.

वाळूचर
तपासणीबाबत सहमत, बांधाबाबत नाही. न्यूझीलंडमधील कोआरो हाही गॅलॅक्सियस कुळातलाच. त्याची पिल्ले समुद्रातून वर येतात आणि ओल्या खडकाला छाती-पोटाचे पर चिकटवून धबधब्याचा कडा चढतात. ट्राउट अडवायला माथ्याची कड पुढे काढून धार अधांतरी सोडली, तर या पिल्लांना धरायला ओला पृष्ठभागच राहत नाही. म्हणजे जो मासा वर यायला हवा त्याचीच वाट आपण बंद करतो. समुद्राशी ये-जा नसलेल्या, वरच्या पट्ट्यातच आयुष्य काढणाऱ्या जातींपुरता तुमचा उपाय मी मान्य करीन, आणि तोही बांध कोण सांभाळणार व तो कधी काढायचा, हे आधीच ठरले असेल तरच.